जेलची सीट घेऊनही दुखतं: बायकांनी सायकलची सीट कशी निवडावी

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहते, वय ४४, शाळेत शिकवते. दिवाळीत हायब्रिड सायकल घेतली. सकाळी कधी विजापूर रोडने, कधी हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाते. दहा-बारा किलोमीटर झाले की पुढच्या नाजूक जागी आधी जळजळ होते, मग बधिरपणा येतो. दुकानदाराने रुंद जेलची सीट बसवून दिली, तर त्रास आणखी वाढला. बायकांसाठी नेमकी कोणती सीट घ्यावी? एकदा तुळजापूरपर्यंत सायकलने जायचं मनात आहे.

उत्तर:

ताई, आधी ती जेलची सीट काढा आणि सायकलबरोबर आलेली मूळची सीट परत चढवा. दुकानातच राहिली असेल तर मागून आणा. नवीन काही विकत घ्यायच्या आधी जे तपासायचं आहे ते त्या मूळ सीटवरच नीट कळतं. जेलवर सगळंच झाकलं जातं.

मऊ सीटने दुखणं वाढलं यात मला नवल वाटत नाही. लाकडी खुर्चीवर ताठ बसा आणि दोन्ही बाजूंनी हात खाली सरकवून बघा. दोन टणक गाठी हाताला लागतील. ही बैठकीची हाडं. सायकलवर आपलं वजन यांच्यावर यायला हवं, कारण हा भाग वजन पेलू शकतो. या दोन हाडांच्या मधे आणि पुढे मात्र नसा, रक्तवाहिन्या आणि पातळ कातडी आहे. सीट फार मऊ असली की हाडं आत रुततात, आणि मधला जेल वर येऊन नेमका त्या जागेवर दाबतो. पहिली पाच मिनिटं गादीवर बसल्यासारखं वाटतं, म्हणून ती सीट खपते. दुकानात पाच मिनिटांपेक्षा जास्त कोण बसतंय?

तुमच्या त्या सीटमध्ये दुसरा दोष रुंदीचा असणार. आपल्या आयांच्या काळ्या लेडीज सायकलींना स्प्रिंगची भली रुंद सीट असायची आणि ती त्या सायकलला शोभायची, कारण हँडल उंच, जवळ आणि पाठ अगदी ताठ. सगळं वजन मागे. हायब्रिडवर आपण पुढे वाकतो. वाकलं की कंबरेचं हाड पुढे कलतं आणि मागच्या रुंद पंखांचा उपयोग उरत नाही. उलट पेडल मारताना मांडीचा मागचा भाग त्या पंखांवर आपटतो, शरीर आपोआप पुढे ढकललं जातं आणि बाई सीटच्या नाकावर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, येऊन बसते. नाकावर बसली की जळजळ, आणि पुढे बधिरपणा. तुम्ही लिहिलंय तोच क्रम.

म्हणून 'बायकांसाठी कोणती सीट' याचं उत्तर कंपनीच्या नावात नाही. तुम्ही सायकलवर किती वाकता त्यावर सीट ठरते. वाकणं आधी ठरवायचं, सीट नंतर. आमच्या सायकलच्या दुकानात येणारे बरेच लोक हे उलटं करतात: तीन सीटा बदलून झाल्यावर सायकल घेऊन येतात.

दुखतं कुठे, हे मी प्रत्येकीला आधी विचारते. बाहेर काउंटरवर उत्तर मिळतं, 'सीट टोचते.' बस्स. शेजारी चार पुरुष गिऱ्हाइकं ट्यूब आणि ब्रेकशू घ्यायला उभी असतात, त्यात कोण काय सांगणार? म्हणून मागच्या खोलीत सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, लावायची सोय केली. दार लोटलं की मग खरं बाहेर येतं, आणि ते खरं उत्तर लागतंच, कारण जागेवरून कारण कळतं. दोन हाडांवर दुखत असेल आणि सायकल नवीनच सुरू केली असेल, तर ती अंगाची सवय आहे. दिवसाआड चालवली तर दोन-तीन आठवड्यांत जाते. एकाच बाजूला दुखत असेल तर सीट फार उंच आहे, किंवा वाकडी बसली आहे, किंवा दोन पायांच्या लांबीत फरक आहे. जांघेत घासत असेल तर सीटचं नाक जाड आहे किंवा कपड्याची शिवण नडते. आणि पुढे, योनीच्या बाहेरच्या ओठांवर किंवा त्याच्या वर बधिरपणा येत असेल, तर वजन पुढे सांडतंय. तुमची गोष्ट ही शेवटची.

बधिरपणा सवयीने जात नाही. 'होईल सवय' हा सल्ला हाडांच्या दुखण्याला ठीक आहे, बधिरपणाला अजिबात नाही. मुंग्या येताहेत म्हणजे नस दाबली जातेय. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकल चालवणाऱ्या बायकांची यासाठी खास तपासणी केली होती. २०१२ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की हँडल सीटपेक्षा खाली असेल तर नाजूक जागेवरचा दाब वाढतो आणि तिथली संवेदना कमी होते. आता जरा तुमची सायकल भिंतीला टेकवून बाजूने बघा. हँडल सीटच्या वर आहे, बरोबरीने आहे, की खाली?

बहुतेक हायब्रिडमध्ये हँडल थोडं वर घेता येतं. हँडलला सायकलशी जोडणारा आखूड दांडा म्हणजे स्टेम. त्याच्यापाशी दोन-तीन चकत्या असतात. त्या वर घातल्या असतील तर स्टेम काढून खाली घालता येतात. स्टेम खाली झुकलेला असेल तर तो उलटा करून बसवला की हँडल दीड-दोन सेंटीमीटर वर येतं. खर्च काही नाही, मेकॅनिकची दहा मिनिटं. हँडल लांब पडत असेल, म्हणजे ब्रेकपर्यंत पोचताना कोपर पूर्ण ताठ होत असेल, तर आखूड स्टेम घ्या. ९० मिलिमीटरच्या जागी ६० चा घातला तर बाईचं बसणं बदलून जातं. आपल्याकडे पाच फूट दोन इंचाच्या बाईला दुकानात शिल्लक असलेली मिडियम फ्रेम गळ्यात मारतात आणि मग तिला वाटतं, दोष सीटचा आहे. लांब हँडलवर उपाय म्हणून सीट पुढे ओढून घेणारेही आहेत. ते करू नका. सीटची जागा गुडघ्यावरून ठरते: पेडल आडवं पुढे असताना गुडघ्याची वाटी साधारण पेडलच्या दांड्याच्या वर यायला हवी. सीट फार पुढे घेतली तर गुडघे बोलायला लागतात.

मग उंची. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे सीटवर बसल्याइतकं घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. ते माप ०.८८३ ने गुणा. ७२ सेंटीमीटर आलं तर साधारण साडेत्रेसष्ट. दोन्ही पेडलचे हात ज्याभोवती फिरतात त्या मधल्या दांड्याच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर ठेवून सुरुवात करा. पुढे पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे करायचं ते तुमच्या अंगावरून. सीट उंच राहिली तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि कातडी घासून निघते. मागून कोणाला तरी मोबाइलवर शूटिंग घ्यायला सांगा, लगेच दिसतं. बायकांच्या बाबतीत मला उलटंही फार दिसतं. पाय जमिनीला टेकावा म्हणून सीट इतकी खाली ठेवतात की पायांवर वजनच येत नाही, सगळा भार सीटवर. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकवायला शिका, मग उंचीची भीती जाते. जुळे सोलापुरातल्या मोकळ्या गल्ल्यांत रविवारच्या एका सकाळी जमतं.

आता कल. सीट पाण्याच्या पातळीत असावी असं सगळे सांगतात, आणि सुरुवात म्हणून ते बरोबर आहे. सीटवर तेच पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा, त्यावर मोबाइलमधलं लेव्हल लावा. पण तुमच्यासारख्या त्रासात नाक एक ते तीन अंश खाली घ्यायला हरकत नाही. शर्यतींच्या जागतिक संघटनेचा नियम एके काळी सीट जवळजवळ सपाटच ठेवा असा होता. ब्रिटिश संघाच्या महिला खेळाडूंना होणारा त्रास बघून त्यांच्या फिजिओंनी ती गोष्ट लावून धरली, आणि २०१६ मध्ये ९ अंशांपर्यंत कल चालेल असं ठरलं. आपल्याला ९ ची गरज नाही. जास्त खाली केलं तर शरीर घसरून तळहातांवर भार येतो आणि मनगटं दुखायला लागतात. अर्धा-अर्धा अंश बदला, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्यावर दोन-तीन फेऱ्या मारा.

अर्धा अंश म्हटल्यावर एक अडचण येते. स्वस्त सायकलींच्या सीटपोस्टला, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्याला, एकच बोल्ट असतो, आणि त्याच्या क्लॅम्पच्या दोन चकत्यांत बारीक दाते असतात. कल बदलायचा म्हणजे एक दाता पुढे किंवा मागे. एका दात्यात इतका फरक पडतो की 'थोडंसं' जमतच नाही: एक खाच वर केली तर नाक आभाळात, खाली केली तर माणूस हँडलवर. शिवाय हे दाते झिजतात. एक बाई सांगत होत्या, 'घरातून निघते तेव्हा ठीक असतं, परत येताना दुखतं.' त्यांची सीट काढून चकत्या बघितल्या, तर दाते गुळगुळीत झालेले, त्यात काळी ग्रीस आणि माती. प्रत्येक खड्ड्याला मागच्या बाजूवर वजन पडून सीटचं नाक किंचित वर येत होतं. घरी पोचेपर्यंत चांगलंच वर. सीटमध्ये दोष नव्हताच. दोन बोल्टची सीटपोस्ट घातली आणि विषय मिटला. दोन बोल्टवाली असली की पुढचा ढिला करून मागचा आवळला की केसभर फरकही करता येतो. ती घेताना जुन्या पोस्टची जाडी व्हर्नियरने मोजून घ्या. २७.२ आणि ३०.९ मिलिमीटर या दोन जाड्या हायब्रिडला पुष्कळ वेळा असतात, पण अंदाजाने घेऊ नका.

एवढं सगळं करून बधिरपणा गेला, तर नवीन सीट घेऊच नका. पैसे वाचले. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळ जणींचं काम इथेच होतं, आणि आमचं गिऱ्हाईकही इथेच सुटतं.

नाही गेला, तर माप घ्यायचं. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा घ्या, एक पदर तरी मऊ असेल असा. तो बसायच्या पाटावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवा. पातळ लेगिंग्ज घालून त्यावर बसा, पावलं जरा उंचावर टेकवा म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील, मग सायकलवर वाकता तेवढं पुढे वाका आणि दोन्ही हातांनी पाट धरून स्वतःला खाली ओढा. अर्धा मिनिट थांबा आणि सरळ उठा, घसरू नका. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडतात. नीट दिसत नसतील तर फळ्याचा खडू आडवा धरून हलकेच फिरवा. तुमच्याकडे खडूला काय तोटा! खळगा असतो तिथे खडू लागत नाही, तेवढा भाग कोरा राहतो. दोन्ही खळग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. दोन-तीनदा करा, चार-पाच मिलिमीटरचा फरक आला तर सरासरी धरा.

समजा १२५ आलं. सीटची कड खाली वळलेली असते, तिथे हाड टेकत नाही, म्हणून मापात भर घालायची. हायब्रिडवर साधारण ४५ अंशांत वाकत असाल तर २० ते ३० मिलिमीटर धरा. म्हणजे १४५ ते १५५ रुंदीची सीट. ताठ बसून भाजीला, शाळेला जाणार असाल तर ४० पर्यंत भर घाला. रोड बाइकवर खाली वाकणारीला १०-१५ पुरे. चांगल्या कंपन्या एकच सीट १३०, १४३, १५५, १६८ अशा रुंदीत बनवतात ती याचसाठी. आकडा सीटच्या खाली किंवा खोक्यावर छापलेला असतो. नसेल तर टेपने सर्वात रुंद जागी मोजा.

हे माप कंबरेच्या घेरावरून सांगता येत नाही. बायकांची बैठकीची हाडं सरासरीने पुरुषांपेक्षा एकमेकांपासून जरा लांब असतात हे खरं, पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. अंगाने भरलेल्या बाईची हाडं जवळ असतात आणि काडीसारख्या मुलीची लांब, असं मागच्या खोलीत कितीदा तरी बघितलंय. म्हणून नुसतं 'लेडीज' लिहिलेलं लेबल बघून सीट घेऊ नका. आमच्या बाजारात त्या शब्दाचा अर्थ कधी कधी फक्त गुलाबी शिवण एवढाच असतो.

रुंदी जमली की आकार. वरून बघा: काही सीटा नाकापासून मागपर्यंत हळूहळू रुंद होत जातात, काही नाकाला बारीक राहून मागे एकदम पसरतात. मांड्या घासत असतील तर दुसरी घ्या. नाक आखूड असलेल्या सीटा आता सर्रास मिळतात, जुन्या २७०-२८० मिलिमीटर लांबीच्या जागी २४०-२५०. तुमच्या तक्रारीला आखूड नाक बरं, पुढे दाबायला काही उरतच नाही. फक्त सीट मागे-पुढे बसवताना नाकाच्या टोकावरून मोजू नका, मागच्या रुंद भागावरून मोजा. मध्ये खाच किंवा आरपार भोक असलेली सीट बऱ्याच जणींना आराम देते. सगळ्यांना नाही. भोक अरुंद असलं तर त्याच्या दोन्ही कडा नेमक्या ओठांवर येतात आणि तिथेच सूज धरते. अशा बाईला रुंद, उथळ खाच किंवा मधे नुसता मऊ फोम भरलेली सीट चांगली. स्पेशलाइज्डची पॉवर मिमिक ही सीट याच विचाराने बायकांसाठी केलेली आहे, महाग आहे. एवढ्या पैशाची सीट तुमच्या सायकलवर मी तरी आधी चढवणार नाही.

कडकपणा तपासायला अंगठा पुरे. हाड टेकेल त्या जागी जोरात दाबा. फोम दबून लगेच परत आला आणि खालचा पाया हाताला लागला नाही, तर ठीक. अंगठा रुतून बसला, तर नको. वरचं कापड गुळगुळीत हवं. मध्यावर शिवण, उठावदार नक्षी, जाड लोगो असलं काही असेल तर उन्हाळ्यात तेच घासतं. आणि हो, आपल्याकडचा खास उपाय: सीटवर सोलापुरी टॉवेल घडी करून बांधणं. टॉवेल उत्तमच, पण अंग पुसायला. सीटवर त्याची घडी सरकते, चुणी पडते, आणि त्या चुणीवर पंधरा किलोमीटर बसायचं म्हणजे शिक्षा.

चामड्याच्या ब्रुक्सबद्दलही विचारतात. बी-१७ ही त्यांची नावाजलेली सीट, साधारण १७ सेंटीमीटर रुंद, ताठ बसणाऱ्यांना छान. ती अंगाच्या आकाराला मुरते, पण वेळ लागतो. जड आहे, पावसात भिजू द्यायची नाही, चामड्याला मलम लावत राहायचं. हायब्रिडवर पहिली सीट म्हणून मी सुचवणार नाही.

कपड्यांवर मी सीटइतकाच वेळ घालवते. तुम्ही सलवार घालून चालवत असाल तर सलवारीच्या मधल्या चौकोनी तुकड्यावर चार शिवणी एकत्र येतात, आणि त्या गाठीवरच आपण बसतो. जीन्सचंही तेच. पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट्स घ्या, बायकांच्या मापाची. तिचं पॅड मागे रुंद असतं आणि मधे शिवण नसते, पुरुषांची शॉर्ट्स चालत नाही. लाज वाटत असेल तर वरून सैल ट्रॅकपँट किंवा कुर्ता घाला, इथे निम्म्या जणी तसंच करतात. पण आत चड्डी घालायची नाही. हे सांगितलं की बहुतेकींचे डोळे मोठे होतात. पॅड थेट अंगाला लागावं असंच केलेलं असतं. मधे चड्डी आली की तिची इलॅस्टिकची कड जांघ कापते आणि घाम धरून ठेवते. घरी आल्या आल्या ती शॉर्ट्स धुवा, उलटी करून उन्हात वाळवा. सोलापुरात ऊन कमी पडणार नाही.

घामाचं मात्र गांभीर्याने घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, सात वाजले की डांबर तापायला लागतं. ओली कातडी लवकर सोलवटते. वासाची टाल्कम पावडर लावू नका, घामात तिचे गोळे होतात. सायकलिंगचं क्रीम मिळालं तर उत्तम, नाही तर खोबरेल तेलाचा पातळ हात पुष्कळ जणींना चालतो. तिथले केस पूर्ण काढायची सवय असेल तर लांबच्या फेरीच्या आधी तरी काढू नका. केस घर्षण सोसतात. काढल्यावर उलटे उगवतात आणि फोडी येतात. पाळीत सॅनिटरी पॅडची कड घासते, ज्यांना जमतं त्यांना मेन्स्ट्रुअल कप सोयीचा पडतो. तुमच्या वयात, म्हणजे पाळी जायच्या आसपास, तिथली कातडी कोरडी आणि पातळ व्हायला लागते. पूर्वी त्रास नव्हता आणि आता होतो, याचं कारण कधी कधी सीट नसून हे असतं. यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे साधे उपाय असतात, विचारायला संकोच नको. सायकलवरून उतरल्यावर तासाभरानेही बधिरपणा राहिला, लघवीला जळजळ झाली, गाठ किंवा एका बाजूची सूज दिसली, तर सायकल बंद ठेवून आधी डॉक्टर. सीट नंतर.

हवेचंही बघा. पंक्चरवाला कंप्रेसर लावतो आणि टायर दगड होईपर्यंत भरतो. टायरच्या कडेवर किमान-कमाल आकडे लिहिलेले असतात. साठ किलोच्या आसपास वजन असेल आणि टायर रुंद असेल तर खालच्या निम्म्यात राहा. रस्त्याची थरथर सीटपर्यंत कमी पोचते, आणि त्याला पैसे लागत नाहीत. स्पीड ब्रेकर आणि खड्डा आला की दोन्ही पेडल आडवी करून सीटवरून इंचभर उठा. दर दहा मिनिटांनी तसंही अर्धा मिनिट उठून चालवा, रक्त फिरतं.

तुळजापूर आपल्यापासून साधारण ४५ किलोमीटर, आणि घाट शेवटी येतो, अंग थकलेलं असताना. चढावर सायकलच मागे कलते. ५ टक्के चढ म्हणजे सुमारे ३ अंश, तेवढं सीटचं नाक आपोआप वर येतं. म्हणून सपाट रस्त्यावर चालणारी सीट घाटात दाबायला लागते. तिथे कमरेतून थोडं जास्त वाका, हलका गिअर टाका, मधेमधे उभ्या राहा, दम लागला तर उतरून चाला. आधी हिप्परगा, मग त्याच रस्त्याने थोडं थोडं पुढे, असं वाढवत जा आणि ३० किलोमीटर बधिरपणाशिवाय झाल्यावरच पूर्ण जा. कोजागिरीच्या आसपास तो रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, ते दिवस सोडून बेत करा. जायच्या आठवड्यात सीट, शॉर्ट्स, स्टेम, काहीच नवीन नको.

खरेदीचं म्हणाल तर मध्यम कडक, मापाची, खाच असलेली सीट दीड-दोन हजारांत बरी मिळते. सोलापुरात रुंदीचे पर्याय थोडे असतात, पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावी लागेल. दुकानातून घेतली तर आठ दिवसांत बदलून देण्याची अट बिलावर लिहून घ्या. तोंडी नको, नंतर 'वापरलेली आहे' म्हणून हात वर करतात. तेवढे दिवस सीटला चरा पडू देऊ नका. भिंतीला टेकवताना सीट नव्हे, हँडल टेकवा. बसवताना खालच्या तारांवरच्या खुणांच्या आतच क्लॅम्प धरा आणि जुन्या सीटची उंची आधी मोजून ठेवा, कारण नवीन सीट जाड-पातळ असते आणि उंची बदलते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर क्लॅम्पचा बोल्ट ॲलन कीने परत एकदा आवळा. तो हमखास थोडा ढिला पडतो, आणि सीटमधून कुरकुर येत असेल तर बहुतेक वेळा तेच कारण असतं.